स्त्रीवादी धर्मचिंतनातील ज्यूविरोधी पूर्वग्रह : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रास्ताविक

धर्म आणि स्त्री यांच्या संबंधांची चिकित्सा ही गेल्या दीड शतकातील एक महत्त्वाची वैचारिक घटना होय. पुरुषांनी रचलेले, पुरुषांनीच अर्थ लावलेले आणि स्त्रीच्या वाट्याला केवळ पाळण्यापुरते आलेले धर्मग्रंथ स्त्रियांनी स्वतः उघडले आणि त्यांना जाब विचारला. युरोप-अमेरिकेतील या चिकित्सेचा इतिहास आपल्या वाचकांना थोडाफार परिचित आहे. परंतु त्या इतिहासाचे एक अंग सहसा सांगितले जात नाही. ज्या लेखनाने स्त्रीला धर्माच्या जोखडातून सोडविण्याची भाषा केली, त्याच लेखनात कित्येकदा दुसऱ्या एका पीडित समाजाविषयीचा, म्हणजे ज्यू समाजाविषयीचा, जुना आणि घातक पूर्वग्रह जसाच्या तसा उतरला. तो कोठून आला, कोणी ओळखला, कोणत्या पुराव्याने खोडून काढला आणि बौद्ध वाचकाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली अशी की, यहुदी धर्मपरंपरेत पुरुषसत्ता नव्हती असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. ती होती, आणि तिची सर्वांत कठोर चिकित्सा ज्यू स्त्रियांनीच केली आहे. दुसरी अशी की, इस्राएल या राज्याच्या धोरणांवरील टीका हा स्वतंत्र विषय आहे. त्याची येथे गल्लत करू नये. प्रश्न एवढाच आहे की, सर्व समाजांत आढळणाऱ्या दोषाचे मूळ एकाच समाजाच्या माथी मारणे इतिहासाला धरून आहे काय?

पूर्वग्रहाचे मूळ

ज्यूंविषयीचा द्वेष स्त्रीवादाने निर्माण केलेला नाही. तो ख्रिस्ती युरोपचा वारसा होय. येशू स्वतः ज्यू होता, त्याचे पहिले अनुयायी ज्यू होते आणि त्यांचा धर्मग्रंथ हिब्रू ग्रंथच होता. तरीही ख्रिस्ती संघटना यहुदी समाजापासून जसजशी वेगळी होत गेली, तसतशी आपली ओळख तिने यहुदी धर्माच्या विरोधात घडविली. यहुदी धर्म म्हणजे कोरडे नियम आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा. तेथे सूड घेणारा देव आणि येथे प्रेम करणारा देव. तेथे बाह्याचार आणि येथे अंतःकरण, अशा जोड्या धर्मोपदेशातून पिढ्यान् पिढ्या ऐकविल्या गेल्या.

या शिकवणुकीचे परिणाम शब्दांपुरते राहिले नाहीत. इ. स. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यूंनी वेगळा वेश वापरून ओळखू यावे असा नियम केला. १४९२ मध्ये स्पेनमधून त्यांची हकालपट्टी झाली. १५१६ मध्ये व्हेनिस नगरात त्यांना कोंडून ठेवण्यासाठी वेगळी वस्ती ठरविण्यात आली. ‘घेट्टो’ हा शब्द तेथूनच रूढ झाला. धर्मसुधारक म्हणून गाजलेल्या मार्टिन ल्यूथरने १५४३ मध्ये ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्याचा सल्ला देणारे पुस्तक लिहिले. पुढे नाझी राजवटीत सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली, तेव्हा हा सारा संचित द्वेष हाताशी तयार होता. मे १९३९ मध्ये जर्मनीतील आयसेनाख येथे ख्रिस्ती धर्मातून ज्यू प्रभाव उखडून काढण्यासाठी एक संशोधनसंस्थाच स्थापन झाली. तिचा शैक्षणिक प्रमुख वाल्टर ग्रुंडमान हा नव्या कराराचा प्राध्यापक होता. येशू ज्यू नव्हताच, असे सिद्ध करण्याची त्याची खटपट होती. सुझॅना हेशेल या ज्यू विदुषीने २००८ मध्ये या संस्थेचा सविस्तर इतिहास ग्रंथरूपाने मांडला. पाली वाङ्मयात ‘अरिय’ हा शब्द आचरणाने श्रेष्ठ ठरलेल्या माणसासाठी येतो. त्याच्याच भावंड शब्दाला तेथे वंशाचे आणि संहाराचे रूप दिले गेले.

वेगळी खूण आणि गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरील आपल्या एका लेखनाला ‘भारतीय घेट्टोची लेकरे’ अशा अर्थाचे शीर्षक योजले होते. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्टर गांधी अँड द इमॅन्सिपेशन ऑफ द अनटचेबल्स’ या पुस्तकात तर नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यांविषयीची वृत्ती यांत विचाराने व परिणामाने फरक नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदविले. या प्रश्नाकडे परका प्रश्न म्हणून आपल्याला पाहता येत नाही, ते एवढ्यासाठीच.

एकोणिसावे शतक : स्टँटन आणि रोज

अमेरिकेतील स्त्रीमुक्तीच्या चळवळीत एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांचे स्थान अग्रगण्य आहे. १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेच्या त्या एक प्रमुख संयोजक होत्या. वृद्धापकाळात त्यांनी काही सहकारी स्त्रियांच्या साहाय्याने बायबलमधील स्त्रीविषयक उताऱ्यांवर भाष्य लिहिले. ‘द वुमन्स बायबल’ या नावाने त्याचे दोन भाग १८९५ आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. या धाडसाची त्यांना किंमत मोजावी लागली. ज्या मताधिकार संघटनेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, तिनेच १८९६ मध्ये ५३ विरुद्ध ४१ मतांनी या ग्रंथाशी आपला संबंध नसल्याचा ठराव केला.

स्टँटन यांचे धैर्य निःसंशय मोठे होते; परंतु त्यांच्या लेखनातील एक दोषही तितकाच स्पष्ट आहे. स्त्रीच्या दास्याचे मूळ शोधताना त्यांची लेखणी वारंवार ज्यूंकडे वळते. १८८५ च्या वॉशिंग्टन अधिवेशनात मांडलेल्या ठरावात, स्त्री ही निर्मितीतील मागाहून सुचलेली वस्तू आहे असे शिकविणारी मते यहुदी धर्मातून आलेली असून ती ख्रिस्ताच्या उपदेशाविरुद्ध आहेत, असा आशय होता. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या जुलमावर स्टँटन यांनी आयुष्यभर कोरडे ओढले. तरीही त्या धर्मगुरूंनी शिकविलेली जुनी जोडी, म्हणजे यहुदी अंधार आणि ख्रिस्ती प्रकाश, या ठरावात शाबूत राहिली.

याच चळवळीत अर्नेस्टाइन रोज नावाची एक स्त्री होती. तिचा जन्म १८१० मध्ये पोलंडमधील पिओत्रकुफ येथे एका रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडिताच्या, घरी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, आपल्या मनाविरुद्ध ठरविलेल्या विवाहाच्या करारापायी स्वतःची मालमत्ता जाऊ नये म्हणून ती न्यायालयात गेली आणि जिंकली. अमेरिकेत आल्यावर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी १८३६ पासून ती न्यूयॉर्कमध्ये सह्या गोळा करीत होती. १८५४ च्या राष्ट्रीय स्त्रीहक्क परिषदेची ती अध्यक्षा होती. तिने धर्म सोडला होता. ईश्वर ती मानीत नव्हती. तथापि १८६३ मध्ये ‘बॉस्टन इन्व्हेस्टिगेटर’ या मुक्तविचारवादी पत्राचा संपादक होरेस सीव्हर याने ज्यूंविरुद्ध लिहिले, तेव्हा तिने त्याच पत्रातून त्याला उत्तर दिले. हा वाद १८६४ च्या वसंतापर्यंत चालला. सर्व धर्मांवर टीका करणारा विचारवंत ज्यूंना मात्र वेगळा, अधिक कडक न्याय का लावतो, हा तिच्या म्हणण्याचा गाभा होता. पुढच्या शतकातील संपूर्ण वादाचे सार या प्रश्नात आहे. दुर्दैवाने चळवळीने रोज यांचे नाव दीर्घकाळ विस्मरणात टाकले.

१९७० नंतरचे धर्मचिंतन

स्त्रीवादी धर्मचिंतनाची दुसरी मोठी लाट १९७० च्या सुमारास आली. ख्रिस्ती धर्मात राहून समता मागणाऱ्या स्त्रियांपुढे एक अडचण होती. परंपरा सोडावयाची नाही आणि परंपरेतील पुरुषसत्ता तर मान्य करावयाची नाही. यावर एक सोपा मार्ग निघाला. येशू स्वतः स्त्रियांचा कैवारी होता. स्त्रीद्वेष त्याच्या भोवतालच्या यहुदी समाजात होता आणि तेथूनच तो पुढे चर्चमध्ये शिरला, असे सांगण्यात येऊ लागले. कॅथॉलिक अभ्यासक लिओनार्ड स्विडलर यांचा जानेवारी १९७१ मधील ‘येशू स्त्रीवादी होता’ अशा शीर्षकाचा लेख या मांडणीचा आरंभीचा नमुना होय. येशू जितका उजळ दाखवावयाचा, तितकी त्याच्या मागची भिंत काळी रंगवावी लागली.

पौलाच्या बाबतीतही असेच घडले. ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष भेद उरत नाही, हे त्याचे वचन ख्रिस्ती म्हणून स्वीकारले गेले. आणि स्त्रियांनी सभेत मौन पाळावे असे सांगणारे वचन त्याच्या रब्बी शिक्षणाचा अवशेष ठरविण्यात आले. एकाच माणसाच्या पत्रांतील चांगले तेवढे आपले आणि वाईट तेवढे ज्यूंचे, अशी ही वाटणी होती.

चर्च सोडून प्राचीन देवीपूजेकडे वळलेल्या स्त्रियांनी दुसरा मार्ग धरला. मर्लिन स्टोन यांचा १९७६ मधील देवीविषयक ग्रंथ या प्रवाहात फार वाचला गेला. प्राचीन काळी सर्वत्र मातृदेवतेचे शांततामय राज्य होते, असे या प्रवाहात मानले जाई. तिचा अंत कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर देताना इतर आक्रमक टोळ्यांबरोबर हिब्रू लोकांचे नाव ठळकपणे पुढे केले जाई. येशूला मारणारे ज्यू या जुन्या आरोपाच्या जागी देवीला मारणारे ज्यू असा नवा आरोप आला.

हे प्रथम ठामपणे दाखविले ते ज्यू स्त्रीवादी लेखिकांनी. ज्युडिथ प्लास्को यांनी १९७८ मध्ये ख्रिस्ती स्त्रीवादातील यहुदीविरोधावर लेख लिहिला. १९८० मध्ये ‘लिलिथ’ या ज्यू स्त्रियांच्या नियतकालिकात दोन लेख एकत्र आले. पुरुषसत्तेचा शोध ज्यूंनी लावला या आरोपाचा समाचार प्लास्को यांनी घेतला, तर देवीच्या मृत्यूचा दोष ज्यूंवर टाकण्याचा समाचार ॲनेट डॉम यांनी घेतला. याच प्लास्को यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात स्वतःच्या धर्माची झाडाझडती घेतली. सिनाई पर्वतावर देवाने करार केला तेव्हा सूचना पुरुषांनाच उद्देशून आहेत, स्त्रिया जणू तेथे नव्हत्याच, हे त्यांच्या चिकित्सेचे आरंभस्थान होते. आपल्या समाजावरील खोटा आरोप नाकारणे आणि आपल्या समाजातील खरा दोष उघड करणे, ही दोन्ही कामे एकाच लेखणीने केली.

ख्रिस्ती विदुषीही गप्प राहिल्या नाहीत. रोझमेरी रॅडफर्ड रूथर या कॅथॉलिक स्त्रीवादी लेखिकेने १९७४ मध्येच, ज्यूद्वेष ख्रिस्ती श्रद्धेच्या मूळ मांडणीत कसा गुंतला आहे, हे एका ग्रंथात दाखविले होते. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेन्झा यांनी १९८३ मध्ये येशूची चळवळ यहुदी धर्माविरुद्धची नसून यहुदी समाजाच्या आतील एक नवचळवळ होती, अशी मांडणी केली.

तीन साचे

या पूर्वग्रहाचे सर्वांत पद्धतशीर विश्लेषण कॅथरीना फॉन केलेनबाख या जर्मन विदुषीने १९९४ मधील आपल्या ग्रंथात केले. स्त्रीवादी धार्मिक लेखनात यहुदी धर्म तीन साच्यांत बसविला जातो, असे त्यांनी दाखविले.

पहिला साचा प्रतिपक्षाचा. ख्रिस्ती धर्म जे जे चांगले, त्याच्या उलट ते ते यहुदी. दुसरा साचा बळीच्या बकऱ्याचा. जगातील पुरुषसत्ता, हिंसा, युद्धखोरी या सर्वांचे खापर त्याच्यावर. गंमत अशी की, समाजाची पापे बोकडाच्या माथ्यावर ठेवून त्याला रानात हाकलण्याचा विधी ज्यूंच्याच लेवीय ग्रंथात सांगितलेला आहे. पुढे तो बोकड होण्याची पाळी त्या समाजावरच आली. तिसरा साचा प्रस्तावनेचा. यहुदी धर्म ही केवळ ख्रिस्ती धर्माची पूर्वपीठिका. येशूनंतर जणू त्याला इतिहासच नाही, त्याच्यात विचार नाही, सुधारणा नाही आणि स्त्रियाही नाहीत.

हा तिसरा साचा वरवर सौम्य दिसतो. प्रत्यक्षात तो फार परिणामकारक असतो. जिवंत समाजाला मृत ग्रंथ समजले की त्याच्याविषयी वाटेल ते लिहिता येते. उत्तर देणारे कोणी आहे, हेच लेखकाच्या मनात येत नाही.

पुराव्याची साक्ष

आता आरोपांची परीक्षा करू. येशूच्या काळातील यहुदी स्त्री पूर्णतः दबलेली होती, हे सिद्ध करण्यासाठी अशा लेखनात बहुधा ताल्मूदमधील वचने दिली जातात. येथे कालगणनेचाच दोष आहे. ताल्मूदचा पाया असलेली मिश्ना ही संहिता इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झाली आणि बाबिलोनी ताल्मूद त्यानंतर काही शतकांनी. पहिल्या शतकातील येशूची तुलना एवढ्या उत्तरकालीन ग्रंथांशी करावयाची असेल, तर तिसऱ्या-चौथ्या शतकातील ख्रिस्ती धर्मपित्यांची स्त्रीविषयक वचनेही शेजारी ठेवली पाहिजेत. ती ठेवली जात नाहीत.

दुसरा दोष निवडीचा. मुलीला तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, शिकविणे म्हणजे तिला बिघडविणे, हे रब्बी एलिएझरचे मत वारंवार उद्धृत होते. परंतु मिश्नाच्या त्याच परिच्छेदात बेन अझ्झाईचे मत आहे की, मुलीला तोरा शिकविणे हे पित्याचे कर्तव्य होय. ग्रंथाने वाद जपून ठेवला; उद्धृत करणाऱ्याने त्यातील एक बाजू कापून टाकली. स्त्री म्हणून जन्माला घातले नाही याबद्दल देवाचे आभार मानणारी ज्यू पुरुषांची प्रार्थनाही अशीच पुढे केली जाते. ती निषेधार्हच आहे. पण अशाच आशयाचे उद्गार ग्रीक परंपरेत थेल्स किंवा सॉक्रेटिस यांच्या नावावर आहेत, हे सांगितले जात नाही.

तिसरा पुरावा शिलालेखांचा. बर्नाडेट ब्रूटेन यांनी १९८२ मध्ये १९ ग्रीक व लॅटिन कोरीव लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत प्राचीन ज्यू स्त्रियांना सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, प्रमुख, वडीलधारी, माता अशा पदव्या दिलेल्या आहेत. स्मर्ना नगरातील रुफिना ही त्यांतील एक. ती सिनेगॉगची प्रमुख होती. पूर्वीचे विद्वान या पदव्या केवळ मानाच्या किंवा पतीमुळे मिळालेल्या समजत. स्त्री प्रत्यक्ष अधिकारी असू शकेल, ही कल्पनाच त्यांना शिवली नव्हती. मृत समुद्राजवळील गुहेत १९६१ मध्ये सापडलेली बबाथा या ज्यू स्त्रीची कागदपत्रेही बोलकी आहेत. इ. स. दुसऱ्या शतकाच्या आरंभी ही स्त्री खजुरीच्या बागांची मालकी सांभाळीत होती आणि मुलाच्या हक्कासाठी न्यायालयात भांडत होती.

चौथा प्रश्न देवीचा आणि पुरुषसत्तेच्या उगमाचा. गेर्डा लर्नर या व्हिएन्नात जन्मलेल्या ज्यू इतिहासकार. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना तुरुंगात टाकले होते. पुढे त्या अमेरिकेत आश्रयाला गेल्या. १९८६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, पुरुषसत्ता एका घटनेने किंवा एका जमातीमुळे आली नाही. प्राचीन पश्चिम आशियात ती ख्रिस्तपूर्व ३१०० ते ६०० अशा सुमारे अडीच हजार वर्षांत हळूहळू घडत गेली. पत्नीला पतीच्या सत्तेखाली ठेवणारी हम्मुराबीची संहिता हिब्रू ग्रंथांपूर्वीची आहे. तियामत या आदिमातेला मार्दूक देवाने मारल्याची कथा बाबिलोनची आहे, इस्राएलची नव्हे. उलट सिनाईच्या वाळवंटातील कुंतिलेत अज्रुद येथे १९७५-७६ मध्ये मिळालेल्या लेखांत याह्वे आणि अशेरा यांची नावे एकत्र येतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते येथे अशेरा देवीचा निर्देश आहे. म्हणजे प्राचीन इस्राएलात देवीचे उपासकही होते.

विटाळाचा प्रश्न

भारतीय वाचकाची फसगत सर्वांत अधिक होण्याचा संभव आहे तो विटाळाच्या मुद्द्यावर. रक्तस्रावाने पीडित स्त्रीने येशूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि ती बरी झाली, अशी कथा शुभवर्तमानात आहे. येशूने येथे यहुदी विटाळाची बेडी तोडली, असे भाष्य अनेक स्त्रीवादी ग्रंथांत येते. आपल्याकडे ते वाचणाऱ्याच्या मनात लगेच चवदार तळे उभे राहते. मूळ कथा पाहिली तर तिच्यात विटाळाचा उल्लेख नाही. कोणी आक्षेप घेतल्याचेही नाही. ती स्त्री आजारी आहे आणि तिला बरे व्हावयाचे आहे, एवढेच कथा सांगते. एमी-जिल लेव्हिन या नव्या कराराच्या ज्यू अभ्यासिकेने ही गोष्ट वारंवार निदर्शनास आणली आहे. २००४ मध्ये त्यांनी आशिया-आफ्रिकेतील वसाहतोत्तर धर्मचिंतनातही हाच साचा शिरल्याचे दाखविले, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली.

यहुदी शास्त्रातील अशुद्धी आणि अस्पृश्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. ती अशुद्धी पुरुषालाही येते, पुरोहितालाही येते. काही काळाने आणि स्नानाने ती जाते. तिचा मुख्य संबंध मंदिरप्रवेशाशी असतो. स्त्रीवरील ऋतुकालाच्या बंधनांचे समर्थन करण्याचे कारण नाही, पण त्यांना अस्पृश्यता म्हणता येणार नाही. हा भेद आपल्याला बाबासाहेबांनीच शिकविला आहे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी प्राचीन समाजांतील जन्म, मृत्यू, ऋतुकाल यांमुळे येणारा तात्पुरता विटाळ आणि हिंदू समाजातील जन्मजात, वंशपरंपरागत व कायमची अस्पृश्यता यांतील फरक स्पष्ट केला. तो फरक पुसला तर ज्यूंवर अन्याय होतोच. शिवाय अस्पृश्यतेचे वेगळेपण आणि तिची भीषणता यांचाही विसर पडतो.

आपल्या मातीत ज्यू समाज परका नव्हता. कोकणातील बेने इस्राएल लोक मराठी बोलत, तेलघाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून गावोगावी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याविषयी युरोपसारखा द्वेष मराठी मुलखात वाढला नाही. तो आपल्याकडे येतो तो आयात ग्रंथांतून, आणि म्हणूनच ते ग्रंथ सावधपणे वाचले पाहिजेत.

रेगिना योनास

हा वाद पुस्तकांपुरता नाही. १९८० नंतर जर्मनीत स्त्रीवादी धर्मचिंतन जोरात होते, तेव्हा तेथे ज्यू समाज फारसा उरलाच नव्हता. उत्तर देण्यास शेजारी नव्हते. १९८७ मधील एका जर्मन ग्रंथात तर तोराच्या आज्ञापालनाची तुलना नाझी अधिकाऱ्यांच्या हुकूमपालनाशी करण्यात आली. मारले गेलेल्यांचा धर्म मारणाऱ्यांच्या वृत्तीचे उदाहरण ठरला. याविरुद्ध जर्मन स्त्रियांनीच आवाज उठविला. १९८८ मध्ये लिओनोरे सीगेले-वेन्श्केविट्झ यांनी स्त्रीवादी धर्मचिंतनाच्या इतिहासविषयक जबाबदारीवर ग्रंथ संपादित केला. गेर्डा वाइलर या लेखिकेने टीकेनंतर आपल्या १९८४ च्या पुस्तकाची १९८९ मध्ये सुधारित आवृत्ती काढली. चूक दाखविल्यावर दुरुस्त करण्याचा हा प्रामाणिकपणा नोंद घेण्यासारखा आहे.

केलेनबाख यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली. बर्लिनची भिंत पडल्यानंतर, १९९१ मध्ये, तेथील दप्तरखान्यात त्यांना रेगिना योनास या स्त्रीची कागदपत्रे मिळाली. योनास यांचा जन्म १९०२ मध्ये बर्लिनमध्ये झाला. स्त्रीला रब्बी होता येते काय, या प्रश्नावर त्यांनी १९३० मध्ये प्रबंध लिहिला आणि यहुदी शास्त्राच्याच आधारे होकारार्थी उत्तर दिले. २७ डिसेंबर १९३५ रोजी रब्बी माक्स दीनेमान यांनी त्यांना रब्बीपदाची दीक्षा दिली. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांना तेरेझिनच्या छावणीत नेण्यात आले. तेथेही त्या व्याख्याने देत, नव्याने आणलेल्या भेदरलेल्या लोकांना धीर देत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झला पाठविण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर काम केलेले नामवंत पुरुष वाचले. योनास यांचे नाव मात्र जवळजवळ अर्धशतक कोणाच्या तोंडी आले नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाल्या, तेव्हा जग त्यांनाच पहिली स्त्री रब्बी समजले.

या एका आयुष्यात तिन्ही साचे मोडतात. यहुदी धर्मात स्त्रीचा विचारच नाही असे लिहिले जात होते, तेव्हा त्या विचाराची हस्तलिखिते दप्तरखान्यात पडून होती. ती लिहिणारी स्त्री ज्यू म्हणून मारली गेली आणि स्त्री म्हणून विसरली गेली.

बाबासाहेबांची पद्धती आणि आपली जबाबदारी

असा आरोप आपल्या परंपरेवरही झाला आहे. भारतीय स्त्रीच्या अवनतीला भगवान बुद्धाची शिकवण कारणीभूत आहे, असे ‘ईव्हज वीकली’ या नियतकालिकात १९५० मध्ये लिहिले गेले. बाबासाहेबांनी त्याला १९५१ मध्ये कलकत्त्याच्या ‘महाबोधी’ मासिकातून सविस्तर उत्तर दिले. हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती हा त्या लेखाचा विषय. त्यांची पद्धती पाहण्यासारखी आहे. महापरिनिब्बान सुत्तातील, आनंदाने स्त्रियांविषयी विचारलेल्या प्रश्नाचा उतारा त्यांनी दडविला नाही. तो केव्हा लिहिला गेला, बुद्धाच्या इतर आचरणाशी तो जुळतो काय, विशाखा, आम्रपाली आणि महाप्रजापती यांच्या कथा काय सांगतात, हे त्यांनी तपासले आणि मग तो प्रक्षिप्त असल्याचा निष्कर्ष काढला. भिक्खुणीसंघ भिक्खुसंघाच्या नियंत्रणाखाली का ठेवला गेला, हा अवघड प्रश्नही त्यांनी टाळला नाही. त्यानंतर अवनतीचे कारण म्हणून त्यांनी मनूच्या नियमांकडे बोट दाखविले, तेही श्लोकांच्या आधारे.

येथे एक शंका येईल. मनुस्मृतीवरील आपली टीका आणि ज्यूंवरील ही टीका सारखीच नाही काय? नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळलेला ग्रंथ सत्ताधारी समाजाचा कायदा होता आणि त्याची झळ जाळणाऱ्यांच्याच अंगाला लागत होती. युरोपात याच्या उलट होते. टीका करणारी स्त्री बहुसंख्य धर्माची होती आणि आरोपी ठरलेला समाज अल्पसंख्य, निःशस्त्र आणि शतकानुशतके मार खाल्लेला होता. टीका कोणत्या दिशेने जाते आणि तिला पुरावा आहे की नाही, या दोन कसोट्या लावल्या की फरक कळतो.

त्याच कसोट्या आपण स्वतःलाही लावल्या पाहिजेत. रीटा ग्रॉस या अमेरिकन विदुषी ख्रिस्ती घरात जन्मल्या, यहुदी धर्मात गेल्या आणि पुढे बौद्ध झाल्या. १९९३ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी बौद्ध परंपरेतील पुरुषसत्तेचा हिशेब बौद्ध म्हणूनच मांडला. आपणही चुल्लवग्गातील आठ गरुधम्म पाहून, हे सारे परक्या प्रभावाने आले, एवढेच म्हणून मोकळे होऊ लागलो, तर तो बळीच्या बकऱ्याचाच साचा होईल. पुराव्याचा मार्ग उपलब्ध आहे. त्या आठांतील एक नियम दोन वर्षे शिक्षण घेणाऱ्या शिक्षमाणेचा आणि भिक्खुणीसंघाचा उल्लेख करतो. परंतु महाप्रजापतीच्या दीक्षेच्या वेळी तर भिक्खुणीसंघच नव्हता. या अंतर्गत विसंगतीवरून नियम मागाहूनचा ठरविता येतो. तरीही तो बौद्ध संघातच रचला गेला आणि बौद्धांनीच पाळला, ही जबाबदारी उरतेच.

उपसंहार

स्त्रीवादी धर्मचिंतनाने मोठे कार्य केले आहे, आणि त्यातील पूर्वग्रह शोधून काढणाऱ्याही बहुतांशी स्त्रीवादी अभ्यासिकाच होत्या. रोज यांनी १८६३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला पुस्तकरूपाने पद्धतशीर उत्तर मिळण्यास १९९४ उजाडावे लागले. मधल्या काळात काय घडले ते आपण पाहिले. आपल्या धर्मसंस्थापकाची थोरवी सांगताना शेजारच्या समाजाला काळे फासण्याचा मोह आपल्यालाही होऊ शकतो. भगवान बुद्धाने स्त्रीला संघात स्थान दिले, हे सांगण्यासाठी बुद्धाच्या काळातील प्रत्येक श्रमणपंथ स्त्रीद्वेष्टा होता असे म्हणण्याची गरज नाही. जैन संघातही साध्वी होत्या. आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांत तुलनात्मक धर्माचा विषय शिकविताना एवढे पथ्य अवश्य पाळावे: ज्या धर्माविषयी बोलावयाचे, त्या धर्मातील स्त्रियांनी स्वतः काय लिहिले आहे ते आधी वाचावे.